शंभर टक्के सौर

२ जून, सोमवार

निर्णय झाला. यंदा लेक आयर.

सकाळी रेडिओवर बातमी आली तेव्हा नोएलीन टोस्टला लोणी लावत होती. सुरी हातात तशीच धरून उभी राहिली. उत्तरेतलं पुराचं पाणी वाळवंटातून वाहत आलं आणि लेक आयरचं तळं भरलं. एरवी तिथे नुसतं मीठ असतं, मैलोन्‌मैल. आता नजर जाईल तिथपर्यंत पाणी आहे आणि पेलिकन पक्षी हजारोंनी उतरलेत. त्यांना कसं कळतं कोण जाणे, नोएलीन म्हणाली. असं तळं दहा-पंधरा वर्षांतून एखाद्या वेळी भरतं आणि बघता बघता आटतं. मग म्हणाली, कॉलिन, या खेपेला जायचं. मी म्हटलं, अर्थात. ती म्हणाली, अर्थात नको, तारीख सांग. मी म्हटलं, तीन आठवडे.

तीन आठवडे भरपूर झाले. कॅरव्हान, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं आमचं चाकांवरचं घर, दारात उभीच आहे. प्रश्न फक्त विजेचा. तिकडे ना वीज, ना नळ, ना शेजारी. म्हणजे सोलर आलं, आणि सोलर म्हणजे अभ्यास आला. एकतीस वर्षं मी या बॅलराट गावाला ड्रायव्हिंग शिकवलं. घाई करणाऱ्यांचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

नोएलीन म्हणाली, मागच्या वेळी तळं भरलं तेव्हा तू कॅरव्हानची कनात निवडत होतास. हे साफ खोटं आहे. कनात निवडून झाली होती. फक्त रंग ठरायचा होता.

५ जून, गुरुवार

अभ्यास जोरात. बॅटऱ्यांचे प्रकार समजले. पॅनलचे प्रकार निम्मे समजले. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसणारा कंट्रोलर म्हणजे काय ते समजलं होतं, पण नंतरचा व्हिडिओ पाहिल्यावर पुन्हा गेलं.

आज एक थोर माणूस सापडला. नाव डस्टी. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात गेली कित्येक वर्षं कॅरव्हानमध्ये राहतो. दाढी, एक कुत्रा, छतावर सहा पॅनल. विजेचं बिल नाही. त्याचे नव्वद व्हिडिओ आहेत. नोएलीन मागे येऊन उभी राहिली आणि विचारलं, बायको कुठे आहे याची? मी म्हटलं, त्याविषयी व्हिडिओ नाही.

७ जून, शनिवार

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. बाहेर फुटबॉल क्लबची पोरं वर्गणीसाठी सॉसेज भाजत होती. रांगेत उभा असताना सहज बॅटरीचा विषय काढला. पुढचा म्हणाला लिथियम घ्या. मागचा म्हणाला लिथियमच्या नादाला लागू नका. सॉसेजवाल्या बाईंनी कांदा वर घालायचा की खाली एवढंच विचारलं. दोन सॉसेज खाल्ले. दुकानात जायचं राहिलं.

समोरचा डॅरिल भेटला. डॅरिल म्हणजे निवृत्त खाटीक. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. म्हणाला, कॉल्या, कशाला डोक्याला ताप करून घेतोस? माझ्यासारखा जनरेटर घे, दोरी ओढ, बियर गार. मी त्याला समजावलं की जनरेटरच्या आवाजाने पेलिकन उडतील. तो म्हणाला, आधी पेलिकनपर्यंत पोच तर खरा. माणूस मनाने चांगला आहे, पण दृष्टी नाही.

१० जून, मंगळवार

किती वीज लागेल याचा हिशेब मांडला. फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप, पंखा, टीव्ही (फुटबॉल), कॉफीचं यंत्र, टोस्टर, पाठीला मसाज करणारी गादी. नोएलीनला म्हटलं, तुझं काय ते सांग, त्यात मिळवतो. ती म्हणाली, एक टॉर्च. मी म्हटलं, टॉर्च सेलवर चालते. ती म्हणाली, म्हणूनच.

बाई हट्टी आहे. तिच्या सोयीसाठीच हे सगळं चाललंय, हे तिच्या लक्षात येत नाही.

१४ जून, शनिवार

पॅनल बसले! चार. डस्टीच्या पद्धतीने: छतावर सपाट न ठेवता तिरक्या चौकटींवर, बोल्ट मारून, वरून गोंद ओतून. डस्टी म्हणतो, एकदा बसवा आणि विसरा. तोंड बरोबर दक्षिणेला. दोन वेळा होकायंत्र लावून पाहिलं. कॅरव्हानचं नाक घराकडे आणि मागची बाजू रस्त्याकडे, म्हणजे कोन आपोआप जमला. योग चांगला आहे.

नोएलीन कपड्यांची बादली घेऊन मागच्या अंगणात निघाली होती. वर बघून म्हणाली, अरे, आपले कपडे तर मागे वाळतात, घराच्या उत्तरेला. जूनच्या थंडीत इकडे पुढे ऊन येतं कुठे? मी शांतपणे सांगितलं की कपडे हा वेगळा विषय आहे आणि वीज वेगळा.

१६ जून, सोमवार

चाचणी सुरू. नियम लिहून फ्रिजवर चिकटवलेत. एक आठवडा कॅरव्हानमध्ये राहायचं, इथेच, दारात. फक्त सूर्यावर. घरात पाऊल टाकायचं नाही. आठवडा पार पडला की थेट लेक आयर. बॅटरी किती भरली ते मोबाइलवर दिसतं. सकाळी ८८ टक्के होती.

नोएलीन म्हणाली, आणि मी कुठे राहू? मी म्हटलं, निवड तुझी. तिने घर निवडलं.

एक छोटी अडचण. तिची गाडी गॅरेजमध्ये, कॅरव्हानच्या पलीकडे. चाचणी चालू असताना कॅरव्हान हलवता येत नाही. ती म्हणाली, म्हणजे मी अडकले. मी म्हटलं, अडकलीस असं नाही, दुकान पायी वीस मिनिटांवर आहे. ती चाकाची पिशवी ओढत गेली. चालणं तिच्या गुडघ्यांना चांगलंच.

१७ जून, मंगळवार

धुकं. ६१ टक्के. मसाजची गादी बंद केली.

नियम क्रमांक एकमध्ये बदल: आंघोळ घरात चालेल. आंघोळ म्हणजे पाणी, वीज नव्हे.

१८ जून, बुधवार

धुकं. छतावर बर्फाचा पातळ थर. काठीला झाडू बांधून खरवडला. ३४ टक्के. कॉफीचं यंत्र बंद केलं. पंखा तसाही लागत नव्हता.

दुसरा बदल: रात्रीचं जेवण घरात चालेल. लेक आयरच्या वाटेवर ढाबे असतातच, तेव्हा स्वयंपाकघराला ढाबा मानायचं. नोएलीन म्हणाली, ढाब्यावर लोक ताटं उचलून ठेवतात का ते बघ आणि त्याप्रमाणे वाग.

रात्री फार थंडी. दोन कोट, टोपी, मोजे हातांतही. डस्टी कधी थंडीविषयी बोललेला नाही.

१९ जून, गुरुवार

शंभर टक्के!

पुन्हा लिहितो. शंभर टक्के. बाहेर धुकं एवढं की समोरचं डॅरिलचं घर दिसत नाही, आणि बॅटरी काठोकाठ. याचा अर्थ उघड आहे. डस्टीच्या तिरक्या चौकटी धुक्यातूनही प्रकाश ओढतात. माझ्या आधी हे कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. डस्टीला सविस्तर कळवलं.

कॉफीचं यंत्र लावलं. टोस्टर लावला. मसाज लावला. सगळं एकदम. तरी शंभर!

नोएलीन मेंढीच्या भाजलेल्या मांसाची थाळी घेऊन आली. मी आकडा दाखवला. म्हणाली, वा रे वा. मग निघायचं ना? सोमवारी? तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी लगेच हो म्हटलं. ती थाळी ठेवून गेली ती गुणगुणतच. लग्न झालं तेव्हा ती असं गुणगुणायची.

२१ जून, शनिवार

लिहावंसं वाटत नाही, तरी लिहितो.

कॅरव्हान क्लबच्या मंडळींना पाच वाजता बोलावलं होतं. आमच्यातली पद्धतच आहे, कुठल्याही मुक्कामावर पाचच्या ठोक्याला आपापली खुर्ची आणि आपापलं पेय घेऊन गोल करून बसायचं. आज गोल माझ्या दारात होता. मी शंभर टक्क्यांवर छोटंसं व्याख्यान दिलं. मंडळी प्रभावित झाली. एकाने टिपणं काढली.

मग डॅरिल खुर्ची मागे सरकवायला उठला आणि एका वायरमध्ये पाय अडकून चीज आणि बिस्किटांच्या ताटावर पालथा पडला.

नारिंगी वायर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघालेली, गुलाबाच्या वाफ्यामागून, कॅरव्हानच्या पोटाखाली, थेट प्लगमध्ये.

टिपणं काढणाऱ्याने वही मिटली. नोएलीन म्हणाली, मी लावली. गुरुवारी पहाटे बघायला आले तर तुझे ओठ निळे पडले होते. म्हटलं, आकडा शंभर झाला की हा माणूस निघेल तरी.

मी म्हटलं, म्हणजे चाचणी रद्द. पहिल्यापासून करावी लागेल. आता कुणीही हेच म्हटलं असतं. चाचणी म्हणजे चाचणी. पण नोएलीन माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं काही मी तिच्याच हातून काहीतरी हिसकावून घेतलं.

तेवढ्यात डॅरिल अंगावरचं चीज झटकत छताकडे बघून म्हणाला, कॉल्या, तुझ्या पॅनलची तोंडं माझ्या घराकडे का रे? माझ्या बाथरूमच्या दिव्यावर चालवतोस की काय? मी त्याला दक्षिणेचं महत्त्व सांगितलं, डस्टीचा दाखला दिला. तो म्हणाला, अरे बाबा, तो अमेरिकेत आहे. त्याचा सूर्य दक्षिणेच्या अंगाने जातो. आपण पृथ्वीच्या खालच्या बाजूला, आपला उत्तरेच्या अंगाने जातो. शाळेत होतास ना माझ्याबरोबर?

क्लबची मंडळी लवकर गेली. खुर्च्या मिटवल्याचे आवाज अजून कानात आहेत.

२२ जून, रविवार

एक किरकोळ तांत्रिक दुरुस्ती: दक्षिणेऐवजी उत्तर. बाकी सगळं बरोबर होतं.

चौकटी निघत नाहीत. गोंद उत्तम आहे. म्हणजे पॅनल न फिरवता कॅरव्हानच फिरवायची. नाक रस्त्याकडे, पाठ घराकडे. शिवाय घराची सावली टाळायला थोडी पुढे, हिरवळीवर घ्यायची. अर्ध्या तासाचं काम.

रेडिओवर सांगितलं, तळ्याच्या कडा आत सरकायला लागल्या. नोएलीनने रेडिओ बंद केला नाही, मोठा केला.

२४ जून, मंगळवार

कॅरव्हान मागे घेण्याची रीत मी शेकडो लोकांना शिकवली आहे. चालवणाऱ्याने आरशात बघायचं आणि मागे उभ्या असलेल्या माणसाचं ऐकायचं. मी गॅरेजातली गाडी काढून कॅरव्हानला जोडली, नोएलीन मागे उभी राहिली. ती ओरडली, डावीकडे. मी म्हटलं, तुझी डावी की माझी? ती म्हणाली, डावी ती डावी. मी तिला समजावून सांगत असताना कॅरव्हान हिरवळीवर पोचली होती. दोन दिवसांचा पाऊस जमिनीत मुरलेला. डावी चाकं लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली.

पण! कॅरव्हान जिथे रुतली तिथे पॅनलचं तोंड बरोबर उत्तरेला आहे. होकायंत्राशी केसभरही फरक नाही. मी मुद्दाम प्रयत्न केला असता तरी हे जमलं नसतं.

डॅरिल साखळी आणि जीप घेऊन आला. म्हणाला, एक झटका देतो, बाहेर. मी ठाम नकार दिला. कोन बिघडेल. त्याने नोएलीनकडे बघितलं. नोएलीनने आभाळाकडे बघितलं.

चाचणी दुसरी, आजपासून. बॅटरी १९ टक्के.

२६ जून, गुरुवार

पाऊस. कालही पाऊस. कॅरव्हान आणखी थोडी डावीकडे कलली आहे. सकाळी दार उघडायला गेलो तर वीतभर उघडलं आणि कुंपणाला लागलं. उजव्या बाजूला दार नसतं. आपल्याकडे सगळ्यांचं डावीकडेच असतं, फुटपाथच्या बाजूला. त्यात माझी चूक नाही.

म्हणजे तूर्त मी आत आहे. पलंगावरून उतरलं की उतारावरून चालत टेबलाशी पोचतो. अंडं ठेवलं तर गडगडत जातं. ११ टक्के.

नोएलीनने खिडकीतून सूप दिलं. म्हणाली, अडकलास का? मी म्हटलं, अडकलो असं नाही. ती म्हणाली, दुकान पायी वीस मिनिटांवर आहे. आणि हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, पण ते हसणं मला फारसं आवडलं नाही.

२८ जून, शनिवार

नोएलीन गेली.

तिची मैत्रीण ग्लेनिस आली होती. नवरा वारल्यापासून ग्लेनिस जुन्या डिलिव्हरी व्हॅनमध्ये गादी टाकून देशभर फिरते. वीज कुठली, असं मी एकदा तिला विचारलं होतं. म्हणाली, अंधार पडला की झोपते.

मी खिडकीत होतो. नोएलीनने झोपायची पिशवी ठेवली, दुर्बीण ठेवली, टॉर्च ठेवली. मग खिडकीखाली आली आणि म्हणाली, कॉलिन, ये बाहेर. पुढे तिघं मावतात. कॅरव्हान राहू दे इथेच. मी म्हटलं, कंट्रोलरची नवी आवृत्ती सोमवारी यायची आहे, दोनच दिवस थांब. ती म्हणाली, तू पोरांना शिकवायचास, आरशात बघा, सिग्नल द्या, मग निघा. तू आयुष्यभर आरशातच बघतोयस रे. तळं माझ्यासाठी थांबायचं नाही.

ग्लेनिसने हॉर्न वाजवला. जाण्याआधी नोएलीन परत घरात गेली, स्वयंपाकघरातला दिवा बंद केला आणि आली.

वाईट वाटलं. दोन दिवस थांबली असती तर काय बिघडलं असतं?

३० जून, सोमवार

कंट्रोलरची नवी आवृत्ती आली. बॅटरी इतकी खाली गेली आहे की कंट्रोलर सुरू होत नाही.

३ जुलै, गुरुवार

आज खिडकीतून बाहेर पडायचं ठरवलं. पाव संपला होता. आधी डोकं, मग खांदे, मग पोट. पोटापाशी विचार करायला थोडा वेळ थांबावं लागलं. त्याच वेळी पोस्टमन स्कूटरवरून आला. अशा स्थितीत सही करणं अवघड असतं, पण मी केली. तो म्हणाला, सगळं ठीक ना साहेब? मी म्हटलं, चाचणी चालू आहे. त्याने पाय धरून... नाही, हात धरून बाहेर ओढलं. गुलाबाच्या वाफ्यात पडलो. नारिंगी वायर अजून तिथेच आहे.

पाकिटात स्टिकर होतं. मेमध्ये मागवलेलं, विसरलोच होतो. कॅरव्हानच्या मागे सगळेच लावतात, नवरा-बायकोची नावं आणि वायरलेसचा चॅनल, म्हणजे मागून येणारा बोलू शकतो. आमचं निळं आहे: कॉलिन आणि नोएलीन, चॅनल ४०. कोपऱ्यात पेलिकन. तो नोएलीनने निवडला होता.

लावलं नाही अजून. काच ओली आहे.

डॅरिलने खिडकीखाली लाकडी खोकं आणून ठेवलं. जाता जाता म्हणाला, घर रिकामं आहे, कॉल्या, पुढच्या दाराने आत जाऊन सोफ्यावर झोप की लेका. मी त्याला नियम समजावला. तो म्हणाला, नियम कुणासाठी रे आता?

७ जुलै, सोमवार

पाच टक्के. ढग. तरी आलेख बघितला तर कल वरच्या दिशेला आहे.

पाच वाजता खुर्ची घेऊन हिरवळीवर बसलो. पद्धत आहे म्हणून. डॅरिलने रस्त्यापलीकडून ग्लास उंच केला. तो त्याच्या बायकोशेजारी बसला होता.

९ जुलै, बुधवार

नोएलीनचा फोटो आला. पाणी गुलाबी आहे. खरंच गुलाबी, आणि त्यावर पांढरे ठिपके, म्हणजे पेलिकन. तिच्या पायांत ग्लेनिसचे गमबूट. नाक उन्हाने सोललेलं. फार छान दिसते.

दुसरा फोटो व्हॅनच्या मागच्या बाजूचा. जुनं स्टिकर आहे, त्यात ग्लेनिसच्या नवऱ्याचं नाव होतं. त्याखाली कागदी चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलंय: आणि नोएलीन. त्याखाली अजून एक पट्टी आहे, कोरी.

फोन आला. म्हणाली, क्लबची बस शुक्रवारी अकराला स्टेशनसमोरून निघते आहे, इकडेच येते. एक जागा उरली आहे, मी तुझ्या नावाने धरून ठेवायला सांगितलंय. पाणी भराभर उतरतंय. पक्षी आता उडायच्या बेतात आहेत. कोट घे आणि ये. काही लागत नाही इथे, कॉलिन, शपथ. अंधार पडला की नुसते तारे.

मी हो म्हटलं. या खेपेला ‘अर्थात’ असं नाही म्हटलं. हो म्हटलं.

१० जुलै, गुरुवार

पिशवी भरली. कोट, दाढीचं सामान, तिला आवडतात ती आल्याची बिस्किटं. स्टिकर घेतलं, व्हॅनवर लावू. डॅरिल साडेदहाला न्यायला येतो. डोकं एकदम हलकं वाटतंय. बॅटरी ४ टक्के, पण त्याचं आता काय?

११ जुलै, शुक्रवार

सकाळ. ऊन!

महिन्यातलं पहिलं खरं ऊन. आभाळ धुतल्यासारखं. मोबाइलवर टिंग वाजलं. कंट्रोलर जागा झाला. ९ टक्के.

साडेनऊ. २२ टक्के. पॅनल उत्तरेला आहेत आणि सूर्य अगदी समोर. जे मी पहिल्यापासून म्हणत होतो ते डोळ्यांसमोर घडतंय.

दहा वाजून गेले. पिशवी खिडकीतून बाहेर टाकली. खोक्यावर एक पाय टेकवला, दुसरा अजून आत आहे. ३७. एवढ्या वेगाने चढताना मी कुठल्याच व्हिडिओत पाहिलेलं नाही. नोंद ठेवायला हवी. पन्नास झाले की उतरतो.

डॅरिल आला. हॉर्न वाजवला. म्हणाला, चल की लेका. मी म्हटलं, एक मिनिट, ४८ आहे. तो म्हणाला, कॉल्या, बस! मी म्हटलं, आलोच. खिडकीची कड मांडीला रुतत होती. पण असं मध्येच कसं सोडायचं? हे खरं आहे की नाही ते तिला सांगता आलं पाहिजे. इतके दिवस तिने सोसलं ते कशासाठी, हे तिला दाखवता आलं पाहिजे.

डॅरिल बराच वेळ थांबला. मग गाडी बंद करून घरी गेला.

दुपार. ८१. बस गेली असणार. पुढची कधी ते बघतो.

तीन वाजले. शंभर टक्के. वायर नाही, जनरेटर नाही, कुणाची मदत नाही. दोनदा खाली वाकून बघितलं, प्लग रिकामा आहे. खरंखुरं शंभर.

नोएलीनला फोन लावला. तिकडे रेंज नसावी.

१४ जुलै, सोमवार

नोएलीनचा फोन आला. पक्षी शनिवारी सकाळी गेले. सगळे एकदम उठले, म्हणाली, आभाळ पांढरं झालं. बस आली तेव्हा मी थांब्यावर उभी होते. शेवटचा माणूस उतरेपर्यंत उभी होते. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ग्लेनिस पुढे किनाऱ्याकडे निघाली आहे, मीही जाईन म्हणते. कधी येशील, मी विचारलं. म्हणाली, बघू.

मी शंभर टक्क्यांचं सांगितलं. ती म्हणाली, छान झालं, कॉलिन. मनापासून म्हणाली. त्यानेच जास्त लागलं.

स्टिकर शेवटी कॅरव्हानच्या मागच्या काचेला लावलं. संध्याकाळी सगळे दिवे लावून बघितले. फ्रिज, पंखा, टीव्ही, कॉफीचं यंत्र, सगळं. सगळं चालतं. खिडकीतून उतरून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, लांबून कसं दिसतं ते बघायला. चिखलात कलली आहे, पण प्रत्येक खिडकी उजळली होती. मागे घर काळोखात होतं.

डॅरिल कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आला होता. डबा ठेवून शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, मस्त दिसतंय रे. आत कोण आहे?

मी म्हटलं, कुणी नाही.